फुल फ्रेम की क्रॉप? कुंटाला-पोचेराचे फोटो काढायला कॅमेरा घेताना पैसे कुठे घालावेत

आदिलाबाद : पावसाळ्यात कुंटाला आणि पोचेराचे धबधबे, दिवाळीच्या आगेमागे पांढरी झालेली कापसाची वावरं, थंडीत पैनगंगेवरचं धुकं आणि होळीच्या सुमारास पेटल्यासारखा दिसणारा पळस. निसर्गाचे फोटो काढणाऱ्याला आदिलाबाद जिल्ह्यात वर्षभर काम आहे. नदी ओलांडली की यवतमाळ, नांदेड आणि चंद्रपूरच्या बाजूलाही तेच डोंगर, तीच काळी माती. मोबाईलवर हात बसला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. चांगला कॅमेरा घ्यायचाय, मग फुल फ्रेम घ्यावा की क्रॉप सेन्सर?

दुकानात गेलं की पहिला सवाल येतो, "भाऊ, बजेट किती?" इंटरनेटवर पाहिलं तर "फुल फ्रेमशिवाय लँडस्केप होतच नाही" असं ठासून सांगणारे भेटतात. घरात मात्र तो पैसा कापूस विकून आलेला असतो, लग्नाच्या ऑर्डरी करून साठवलेला असतो, नाहीतर हप्त्यावर काढायचा असतो. बॉडीवर सगळी रक्कम गेली आणि लेन्स-ट्रायपॉडला काहीच उरलं नाही, की महागडा कॅमेरा कपाटात पडून राहतो. म्हणून हा फरक नेमका कुठे दिसतो आणि कुठे दिसत नाही, ते खरेदीआधी समजून घेतलेलं बरं.

फरक आहे तरी काय?

कॅमेऱ्याच्या आत प्रकाश टिपणारी चकती म्हणजे सेन्सर. फुल फ्रेमचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो. हे माप जुन्या ३५ मिमी फिल्मच्या एका चौकटीचं आहे. १९२५ साली बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्याने ते जगभर रुळवलं. क्रॉप सेन्सरला एपीएस-सी म्हणतात. हे नाव १९९६ साली आलेल्या एका छोट्या फिल्मवरून पडलं. निकॉन, सोनी आणि फुजीफिल्मचा क्रॉप सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६ मिमीचा, तर कॅननचा त्याहून थोडा लहान, २२.३ बाय १४.९ मिमीचा असतो.

क्षेत्रफळ काढलं तर फुल फ्रेम क्रॉपच्या साधारण २.४ ते २.६ पट मोठा भरतो. त्यामुळे एकाच लेन्समधून क्रॉपवर चित्राचा मधला भागच येतो. निकॉन-सोनीला हा हिशोब दीडपटीचा, कॅननला १.६ पटीचा. म्हणजे क्रॉप बॉडीवर १६ मिमीची लेन्स लावली तर फुल फ्रेमवर २४ मिमी लावल्याइतकं दृश्य दिसतं.

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. फुल फ्रेम म्हणजे जास्त मेगापिक्सेल, असं काही नसतं. फुजीफिल्मचा एक्स-टी५ क्रॉप असून ४० मेगापिक्सेलचा आहे आणि सोनीचा ए७एस ३ फुल फ्रेम असून १२ मेगापिक्सेलचा. सेन्सरचा आकार वेगळा आणि पिक्सेलची संख्या वेगळी.

परात आणि ताटली

पाऊस पडताना अंगणात एक परात आणि एक ताटली ठेवा. पाऊस दोन्हींवर सारखाच पडतो, पण परातीत एकूण पाणी जास्त जमतं. सेन्सरचंही तसंच आहे. मोठ्या सेन्सरवर एकूण प्रकाश जास्त जमतो, म्हणून फोटोत दाणे कमी येतात आणि अंधाऱ्या भागातला तपशील जास्त टिकतो. एकाच काळातल्या, सारख्या तंत्राच्या दोन सेन्सरमध्ये हा फायदा साधारण एक ते सव्वा स्टॉपचा असतो. एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट.

फायदा खराच आहे. पण लँडस्केपमध्ये डोंगर कुठे पळून जात नाही. ताटली दोन-तीनदा भरून एका घागरीत ओतली, की परातीइतकं पाणी झालंच. कॅमेऱ्यात याचा अर्थ असा : ट्रायपॉडवर एकाच दृश्याचे दोन-तीन फोटो घ्यायचे आणि नंतर संगणकावर एकत्र करायचे. दाणे तेवढेच कमी होतात. लग्नात वरमाला पडताना हे जमत नाही आणि वाऱ्यात हलणाऱ्या पऱ्हाटीवरही अडचण येते. खडक, डोंगर, देवळाचा कळस यांच्यावर मात्र नीट जमतं.

धबधब्यावर काय होतं?

कुंटाला नेरडीगोंडा मंडळात कडम नदीवर आहे, आदिलाबादहून साधारण ६० किलोमीटर. उंची सुमारे ४५ मीटर. बोथ मंडळातला पोचेरा त्यामानाने बुटका, पण रुंद आणि जोरकस. दोन्हीकडे पाणी रेशमासारखं मऊ दिसावं असं वाटत असेल तर शटर पाव सेकंद ते दोन सेकंद उघडं ठेवावं लागतं.

ढगाळ दुपारी आयएसओ १०० आणि एफ/८ ठेवलं तर शटर साधारण १/५० सेकंदाचं येतं. एवढ्यात पाणी मऊ होत नाही. प्रकाश कमी करणारा सहा स्टॉपचा एनडी फिल्टर लावला की तेच शटर एका सेकंदाच्या जरा वर जातं आणि काम होतं. ओल्या काळसर खडकावरची आणि पानांवरची चमक घालवायला पोलरायझर फिल्टर लागतो. ही चमक नंतर संगणकावर नीट काढता येत नाही.

म्हणजे कुंटाल्याच्या फोटोत ट्रायपॉड, एनडी आणि पोलरायझर या तीन वस्तूंनी जेवढा फरक पडतो, तेवढा सेन्सर बदलून पडत नाही. ट्रायपॉडवर आयएसओ १०० ला काढलेला क्रॉपचा आणि फुल फ्रेमचा धबधबा मोबाईलवर शेजारी ठेवला, तर कुठला कशातून आला ते सांगणं कठीण.

हातात धरून काढायचा असेल तर?

ट्रायपॉड नसेल तर फुल फ्रेमच बरा, असं वाटणं साहजिक आहे. पण लँडस्केपमध्ये जवळचा दगडही स्पष्ट हवा असतो आणि मागचा डोंगरही. फुल फ्रेमवर तेवढी खोली मिळवायला छिद्र जास्त बारीक करावं लागतं. आकड्यांत सांगायचं तर क्रॉपवर एफ/७.१ आणि आयएसओ ३२० ठेवून जी खोली मिळते, तीच फुल फ्रेमवर मिळवायला एफ/११ आणि शटर तेवढंच राखायला आयएसओ ८०० लागतो. मग दोन्हीकडे दाणे जवळपास सारखेच. मोठ्या सेन्सरने दिलेलं बारीक छिद्राने काढून घेतलं.

फोकस कुठे करावा याचाही हिशोब सोपा आहे. क्रॉपवर १६ मिमी लेन्स, एफ/८ आणि फोकस १.६ मीटरवर ठेवला, तर साधारण ८० सेंटिमीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. फुल फ्रेमवर २४ मिमी, एफ/८ ला फोकस २.४ मीटरवर ठेवावा लागतो आणि स्पष्टता १.२ मीटरपासून सुरू होते.

छिद्र गरजेपेक्षा बारीक करू नये. क्रॉपवर एफ/११ च्या आणि फुल फ्रेमवर एफ/१६ च्या पुढे गेलं की प्रकाशाच्या फाकण्यामुळे सगळंच चित्र थोडं मऊ पडतं.

फुल फ्रेम खरंच कुठे पुढे जातो?

पहिली जागा म्हणजे कडक उजेड-सावलीचं दृश्य. बेला, जैनथ, तामसीकडच्या काळ्या मातीत कापूस फुटलेला असतो. सकाळी सूर्य समोर घेतला तर आकाश आणि बोंडं लख्ख, माती आणि झाडाची बुंधं काळीकुट्ट. आकाश सांभाळून फोटो काढायचा आणि सावली नंतर उजळायची, तर मोठ्या सेन्सरला एक पायरी जास्त मिळते. क्रॉपवाल्याने अशा वेळी ट्रायपॉडवर एक फोटो आकाशासाठी आणि एक जमिनीसाठी काढून जोडावा. दोघांनीही रॉ फाइलच काढावी. जेपेगमध्ये सावलीतला तपशील आधीच कापला गेलेला असतो.

दुसरी जागा रात्रीचं आकाश. मोठ्या शहरांपासून दूर असलेल्या या जिल्ह्यात गावाबाहेर अंधार अजून चांगला मिळतो. एप्रिल-मे महिन्यात अमावास्येच्या आगेमागे, मध्यरात्रीनंतर ते पहाटेपर्यंत आकाशगंगेचा सर्वात तेजस्वी भाग दक्षिणेकडे दिसतो. आदिलाबादच्या अक्षांशावरून तो क्षितिजापासून साधारण ४१ अंश वर येतो. म्हणजे टेकडी किंवा देऊळ खाली आणि आकाशगंगा वर, अशी चौकट सहज बसते. इथे शटर मनासारखं लांबवता येत नाही, कारण वीस सेकंदांच्या पुढे गेलं की तारे रेघा ओढू लागतात. प्रकाश कमी आणि वेळ मर्यादित, अशा ठिकाणी परात जिंकते.

तरी यातही एक वाट आहे. क्रॉपसाठी मिळणारी १६ मिमी एफ/१.४ लेन्स ही फुल फ्रेमवरच्या २४ मिमी एफ/२.८ लेन्सपेक्षा दोन स्टॉप जास्त प्रकाश आत घेते. सेन्सरमुळे सव्वा स्टॉप गेला तरी क्रॉपच्या पदरात थोडं उरतंच. फुल फ्रेमला २४ मिमी एफ/१.४ लावली की तो पुन्हा पुढे जातो, पण त्या लेन्सची किंमतही तशीच असते.

तिसरी जागा मोठा प्रिंट. २४ मेगापिक्सेलचा फोटो ३०० डीपीआयने २० बाय १३ इंचांपर्यंत स्वच्छ छापता येतो, मग सेन्सर कुठलाही असो. ४५ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम २७ बाय १८ इंचांपर्यंत नेतो. भिंतभर प्रिंट जवळ जाऊन पाहिला जाणार असेल, तर तो फरक डोळ्यांना दिसतो. फ्लेक्स बॅनर लांबून पाहिला जातो, त्याला एवढं लागत नाही. व्हॉट्सॲपवर तर फोटो दाबून बारीक केला जातो. तिथे दोघांचीही गत एकच.

लेन्सचा सापळा

"आत्ता क्रॉप घेऊ, लेन्स मात्र फुल फ्रेमची घेऊ, पुढे कामाला येईल." हा सल्ला बरेच जण देतात. लँडस्केपवाल्याला तो महागात पडू शकतो. फुल फ्रेमची २४-७० मिमी लेन्स क्रॉपवर लावली की ती ३६-१०५ मिमीसारखी वागते. कुंटाल्याच्या पायथ्याशी उभं राहिल्यावर अख्खा धबधबा चौकटीत मावत नाही, आणि मागे सरकायला जागा नसते.

उलट बाजूही आहे. क्रॉपची लेन्स पुढे फुल फ्रेम बॉडीवर नेली, की बसणाऱ्या बॉडीतही फक्त मधला भाग वापरला जातो आणि २४ मेगापिक्सेलचे जेमतेम १० उरतात. म्हणून क्रॉप घ्यायचा तर क्रॉपचीच रुंद लेन्स घ्यावी, १० किंवा ११ मिमीपासून सुरू होणारी. पुढे बदल करायचा ठरला तर बॉडी-लेन्स एकत्र विकावी.

लांबच्या लेन्सला मात्र क्रॉपचा फायदा आहे. ७०-३०० मिमी लेन्स क्रॉपवर १०५-४५० मिमीइतकं जवळ आणते. धुक्यात एकामागे एक उभ्या सातमाळ्याच्या डोंगररांगा एकावर एक रचल्यासारख्या दाखवायच्या असतील, तर स्वस्तात काम होतं.

वजन, पाऊस आणि बुरशी

कुंटाल्याला खाली उतरायला शेकडो पायऱ्या आहेत, आणि उतरलेल्या चढाव्याही लागतात. कॅननची क्रॉपसाठीची १०-१८ मिमी लेन्स २४० ग्रॅमची आहे. फुल फ्रेमसाठीची १६-३५ मिमी एफ/४ लेन्स ६१५ ग्रॅमची. दोन्ही जवळपास तेवढंच रुंद दृश्य देतात. बॉडी, दुसरी लेन्स आणि मोठ्या कॅमेऱ्याला पेलणारा भक्कम ट्रायपॉड धरला की पाठीवरचा फरक किलोंत जातो. घरी ठेवून आलेल्या ट्रायपॉडचा काही उपयोग नाही.

पावसाळ्यात धबधब्याचे तुषार लांबपर्यंत येतात. पाण्यापासून संरक्षण असलेली बॉडी दोन्ही प्रकारांत मिळते, स्वस्त बॉडीत मात्र बहुधा नसते. साधी प्लास्टिकची पिशवी, सुती फडकं आणि बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. ओली बॅग तशीच बंद ठेवली की लेन्सच्या आत बुरशी धरते, आणि ती साफ करण्याचा खर्च कधीकधी लेन्सच्या किमतीजवळ जातो. थंडीत इथला पारा एक आकडी होतो. अशा पहाटे बॅटरी लवकर उतरते, म्हणून जादा बॅटरी खिशात, अंगाच्या उबेत ठेवावी.

आणखी एक गोष्ट कॅमेऱ्यापेक्षा महत्त्वाची आहे. कुंटाल्यात पाण्यात उतरलेल्यांचे जीव गेल्याच्या घटना घडल्या आहेत. वर पाऊस झाला की पाणी अचानक वाढतं, आणि शेवाळलेल्या खडकावर पाय ठरत नाही. रुंद लेन्ससाठी दोन पावलं पुढे जाण्याचा मोह तिथेच आवरावा. कवाल व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत शिरायचं असेल तर वन विभागाची परवानगी आधी घ्यावी.

जुना फुल फ्रेम घ्यावा का?

नव्या क्रॉपच्या पैशात जुना फुल फ्रेम मिळतोय, असा सौदा वारंवार समोर येतो. यात सेन्सरचं वय पाहावं. कॅननचा ६डी २०१२ चा, फुल फ्रेम. निकॉनचा डी७२०० २०१५ चा, क्रॉप. कमी आयएसओवर सावल्या उजळवण्यात हा क्रॉप त्या फुल फ्रेमच्या पुढे आहे. २०१४ चा निकॉन डी७५० मात्र फुल फ्रेम असून त्यातही चांगला आहे. म्हणजे नुसतं "फुल फ्रेम" ऐकून पैसे मोजू नयेत.

जुना कॅमेरा घेताना शटर किती वेळा उडालंय ते विचारावं, लेन्स उजेडाकडे धरून बुरशीचे धागे दिसतात का पाहावं, आणि आकाशाचा एक फोटो एफ/१६ ला काढून सेन्सरवर डाग आहेत का तपासावं. मूळ बिल मागावंच. नवा घेताना नागपूर, नांदेड की हैदराबाद, हा प्रश्न कराच्या दृष्टीने गौण आहे. डिजिटल कॅमेऱ्यावर १८ टक्के जीएसटी दोन्ही राज्यांत सारखाच लागतो. बिलाविना "स्वस्तात" मिळणाऱ्या मालाला कंपनीची भारतातली वॉरंटी बहुतेक वेळा नसते, आणि दुरुस्तीला पाठवायची वेळ आली की वाचलेले पैसे परत जातात.

मग कोणी काय घ्यावं?

फोटो मोबाईलवर, समाजमाध्यमांवर, बातमीत किंवा २० इंचांपर्यंतच्या प्रिंटमध्ये दिसणार असतील, तर क्रॉप पुरेसा आहे. एकूण बजेटचा साधारण अर्धा भाग बॉडीला, उरलेला रुंद लेन्स, भक्कम ट्रायपॉड, पोलरायझर आणि एनडी यांना द्यावा. पहिली दोन-तीन वर्षं यापुढे काही लागत नाही.

आकाशगंगेचे फोटो हाच मुख्य नाद असेल, मोठे प्रिंट विकायचे असतील, आणि बॉडी घेतल्यावरही चांगल्या लेन्सला पैसे उरत असतील, तर फुल फ्रेम घ्यावा. लग्नाच्या ऑर्डरी करणाऱ्यालाही फुल फ्रेम परवडतो. मंडपातल्या कमी उजेडात, हलत्या माणसांवर तो रोज कमाई करून देतो. लँडस्केप त्याच कॅमेऱ्यावर फुकटात होतं.

हप्ता काढून फुल फ्रेम बॉडी, तिच्यावर किटमधली साधी लेन्स आणि हलका डुगडुगणारा ट्रायपॉड, ही जोडणी मात्र टाळावी. त्यापेक्षा क्रॉप आणि नीट सामान असलेला माणूस कुंटाल्याहून चांगला फोटो घेऊन येईल.

खरेदीआधी एक सोपी परीक्षा करून पाहावी. ओळखीच्या स्टुडिओवाल्याकडून एका दिवसासाठी क्रॉप बॉडी, रुंद लेन्स आणि ट्रायपॉड भाड्याने घ्यावा. पहाटे पैनगंगेच्या काठावर, दुपारी धबधब्यावर आणि रात्री अंधारात, असे तीन ठिकाणी फोटो काढावेत. मग ते मोठ्या पडद्यावर उघडून पाहावेत. ज्या फोटोत कॅमेरा कमी पडला असं वाटेल, त्यातलं कारण शोधावं : हात हलला, फोकस चुकला, वेळ चुकली, लेन्स अपुरी पडली, की खरंच सेन्सर लहान पडला? शेवटचं कारण वारंवार निघालं, तरच फुल फ्रेमच्या दुकानाची पायरी चढावी.